एकशे अठ्ठावीस

विट्यात सकाळी वीज आली
की गल्लीतले सगळे माग एकदम बोलायला लागतात.
म्हणून मी रात्री वाजवतो,
सोपानमामांच्या शेडमागच्या खोलीत,
जिथं पूर्वी सुताचे कोन रचून ठेवायचे
आणि भिंतीला अजून खळीचा वास आहे.
भेंडवड्याच्या एका नाटकाला पार्श्वसंगीत हवंय.
पंधराशे ठरलेत. दोनशे मिळालेत.

कॉम्प्युटर जुना, पतसंस्थेच्या लिलावातला.
त्यावर लिनक्स, कारण फुकट,
आणि खरं सांगायचं तर
कारण ते उघडून बघता येतं.
साउंड कार्ड एक.
मागणारे दोन.

जॅकला कार्ड अख्खं हवं,
दार लावून, आतून कडी घालून.
पल्स म्हणजे ओसरी,
कुणीही यावं, टेकावं,
बातम्या, रेसिपी, आईचा कॉल,
कुणालाच घाई नाही.

कॉल सेलमवरून येतो.
संताजी तिथं गलाईच्या दुकानात आहे.
दिवसभर भट्टीपुढं सोनं गाळतो,
नऊला शटर ओढून आईला तोंड दाखवतो.
त्या दिवशी मी जॅक लावून बसलो होतो.
पडद्यावर त्याचे ओठ हलत राहिले.
"आरं, ह्येला काय झालं? बोलंना झालाय त्यो."
मग तिनंच आवाज चढवला,
जणू सेलमला कानानं कमी येतं.
मी म्हणालो, एवढा टेक होऊ दे.
टेकला चाळीस मिनिटं गेली.
तोवर तो जेवून झोपला.

मग आकड्यांचा नाद लागला.
बफर हजार चोवीसवर सगळं सुरळीत,
फक्त पट्टी दाबली की सूर उशिरा येतो,
पाहुण्यासारखा,
चप्पल काढून, पाय धुऊन.
चौसष्टवर बोट आणि सूर एक,
पण मध्येच
कट्ट.
कोपऱ्यातला आकडा चढत जातो,
तीन. सात. एकोणीस.

सोपानमामा तंबाखू मळत दारात उभे होते.
"काय तुटतंय रं सारखं?"
मी सांगितलं, वेळेत माल पोचत नाही,
मग तेवढा आवाज गळतो.
त्यांनी विचार केला.
"माझा माग बरा म्हणायचा.
बाणा तुटला की थांबतो.
तुझा तुटूनबी पुढं पळतोय."

पाइपवायर बसवला तेव्हा पहाटेचे चार वाजले होते.
स्वतःला ऑडिओच्या गटात घातलं,
प्राधान्य दिलं पंच्याण्णव.
घरात इतकं प्राधान्य
मला आजवर कुणी दिलेलं नाही.
पडद्यावर चौकोन उमटले, चौकोनांतून तारा,
एक की-बोर्डकडून रेकॉर्डरकडं,
एक ब्राउझरकडून स्पीकरकडं.
एकमेकांवरून जाणाऱ्या, न गुंतणाऱ्या.
मी त्या बघत बसलो,
मामा फणीतून ओवलेला ताणा बघतात तसा,
डोळे बारीक करून.
बफर एकशे अठ्ठावीस.
कोपऱ्यात शून्य.

रात्री नऊला कॉल आला.
आई स्टुलावर बसली, पदर सारखा केला.
मी हेडफोन काढून ठेवला, हात काढला नाही.
संताजी बोलला आणि ऐकू आला,
सर्दी झालेला आवाज, मागं रस्त्यावर तमिळ हॉर्न.
भाड्याचं बोलला, दातदुखीचं बोलला,
मग थांबून म्हणाला,
"आई, मागं काय वाजतंय?"
"काय न्हाई. ह्यो हाय."
"वाजू दे."

दोघंही थोडा वेळ काहीच बोलले नाहीत.
कॉल चालूच होता.
तेवढ्यात कोपऱ्यात शून्याचा एक झाला.
मी पाहिला,
आणि पुढची पट्टी दाबली.